दातवण

आमच्या आत्याचे दात काळे होते. किडके नव्हेत, पान-तंबाखूने डागळलेलेही नव्हेत. एकेक दात मन लावून काळा केलेला, वडिलांच्या कारखान्यात घालायच्या बुटांसारखा चकचकीत. ती हसली की समोरच्याला क्षणभर वाटायचं, या बाईच्या तोंडात दातच नाहीत. मग त्या काळ्यावर उजेड पडून काहीतरी चमकायचं आणि बघणारा दचकायचा. मी तिच्या मांडीवर वाढले होते, त्यामुळे मला दचकायचं काही कारण नव्हतं. दचकायची अक्कल मला बंगळूरला येऊन सोळा वर्षांची झाल्यावर सुचली.

आत्या म्हणजे विठाबाई, माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं मूळ घर निपाणीजवळच्या खेड्यातलं. वडील १९५५ साली एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायच्या नोकरीवर बंगळूरला आले. मल्लेश्वरममध्ये दोन खोल्या आणि मागे अंगण असं भाड्याचं घर मिळालं, तेव्हा आई, मी आणि आत्या असा सगळा लवाजमा त्यांच्यामागे आला. आत्याच्या सामानात एक लुगड्यांचं गाठोडं होतं आणि एक पितळी डबी. डबीत दातवण.

दातवण म्हणजे मिशरी नव्हे. मिशरी तंबाखू भाजून करतात आणि ती कुणीही लावावी. दातवण हिरडा, मायफळ आणि हिराकस कुटून करतात, आणि आमच्याकडे जुन्या पद्धतीच्या घरांत ते फक्त सवाष्णीने लावायचं असायचं. लग्न झालं की सासू सुनेच्या दातांना पहिलं दातवण लावी. नवरा गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या आणि दात घासून पांढरे करायचे. गावाकडे बाईने तोंड उघडलं की तिचा नवरा जिवंत आहे की नाही ते कळायचं.

आत्याचा नवरा जिवंत आहे की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. तिचे यजमान व्यंकोजी मामा पलटणीत हवालदार होते. १९४२ साली ते ब्रह्मदेशाच्या बाजूला गेले आणि बेपत्ता झाल्याचा कागद आला. चार वर्षांनी दुसरा कागद आला, की त्यांना मृत धरण्यात येत आहे. त्याच संध्याकाळी सासरच्या बायकांनी आत्याला पाटावर बसवलं. एकीने डोकं धरलं, दुसरीने मीठ आणि कोळशाची पूड घेऊन दात घासायला सुरुवात केली. दोन दात घासून झाले असतील, तेवढ्यात आत्याने पाटाला लाथ मारली आणि ती उठली. तशीच हिरड्यांतून रक्त गळत आठ मैल चालत माहेरी आली. मी तेव्हा दोन वर्षांची. वडील सांगतात, दारात उभी राहून ती एवढंच म्हणाली, की कुणी मढं बघितलेलं नाही, तर मी दात का धुवू? दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्या दोन दातांना पुन्हा दातवण लावलं. त्यानंतर आमच्या घरात तो विषय कुणी काढला नाही.

हे सगळं मला माहीत होतं, हे आधीच सांगते. पुढे मी जे केलं त्याला अजाणपणाची सबब नाही.

१९६० साली मला पांढऱ्या दातांचं वेड लागलं होतं. कॉलेजात नव्याने गेले होते आणि तिथल्या मुली हसताना तोंडावर हात धरत नसत. मी घरातल्या घरात सगळे प्रयोग केले. नारळाच्या करवंट्या जाळून त्यांची राख केली, ती मिठात कालवून घासली. लिंबाची साल उलटी करून घासली, तर चार दिवस गार पाणी पिववेना. खायचा सोडा बोटावर घेऊन इतका रगडला, की हिरड्यांची सालं निघाली आणि आईने सोड्याची बरणी लपवली. गुलाबी दंतमंजनाचा गोल डबा आणला, त्याने दात होते तसेच राहिले आणि थुंकी मात्र गुलाबी झाली. आत्या मागच्या अंगणात बसून माझे हे उद्योग बघायची आणि काळं हसायची.

माझ्या वर्गात प्रेमा नावाची मुलगी होती, सरकारी वकिलाची लेक, आठव्या क्रॉसच्या रस्त्याजवळ राहणारी. एकदा ती घरी आली. आत्या लाडू घेऊन बाहेर आली आणि कौतुकाने तोंड भरून हसली. प्रेमाचा लाडू हातातच राहिला. तिने मला हळूच विचारलं, यांना काय आजार आहे? मी कानडीत सांगून टाकलं, की आजार नाही, आमची गावाकडची कामवाली आहे, तिकडे असंच असतं. आत्याला कानडी येत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती ताटली ठेवून आत गेली. त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही, पण सकाळपर्यंत मी ते विसरलेही. सोळाव्या वर्षी माणूस सोयीचं तेवढं विसरतं.

श्रावणात आत्याच्या दाताखाली भातातला खडा आला आणि मागची दाढ तडकली. लवंगेचं तेल झालं, पेरूचा पाला चावून झाला, गाल सुजून डोळा मिटायला लागला. वडील कारखान्यात आणि आई तापाने अंथरुणावर, तेव्हा तिला डॉक्टरकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या भागात डॉक्टर शेषगिरी नावाचे दातांचे डॉक्टर नुकतेच आले होते. त्यांच्याकडे एक दिवा आहे आणि त्याखाली बसवून ते दात पांढरे करतात, अशी मुलींमध्ये वदंता होती. मला त्या दिव्याखाली बसायचंच होतं, पण वडिलांकडे विषय काढायची छाती नव्हती.

वाटेवर आत्याने मला दोनदा बजावलं, की डॉक्टरला सांग, ती एक दाढ सोडून दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. मी दोनदा हो म्हटलं.

दवाखाना म्हणजे घराचीच पुढची खोली होती, पण मी दारात थबकले. खुर्ची लोखंडाची, पायाने दाबली की वर-खाली होणारी. तिच्या शेजारी एक उंच दांडा, त्यावर चाकं आणि चाकांवरून दोरी, आणि दोरीच्या टोकाला पेन्सिलीएवढं यंत्र. भिंतीपासून पुढे आलेला तो दिवा. काचेच्या कपाटात आरशासारखी हत्यारं ओळीने मांडलेली. देवळाच्या गाभाऱ्यात जातात तशी आत्या पाय घासून आत गेली. डॉक्टर चाळिशीचे, मऊ आवाजाचे. त्यांनी तिला बसवलं आणि म्हणाले, ‘‘स्वल्प बाय तेगीरी, अम्मा.’’ मी मराठीत सांगायच्या आधीच तिने तोंड उघडलं होतं. दुखण्याने उघडलं असेल असं मला वाटलं.

डॉक्टर आधी दचकले, मग वाकून बघत राहिले. हे काय आहे ते त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, की गावठी पूड आहे, बायका लावतात. कुठल्या बायका लावतात आणि कधी पुसतात, हे मी सांगितलं नाही. त्यांनी तडकलेली दाढ बघितली, कोरून भरता येईल म्हणाले. मग चिमट्याने बाजूच्या दातावरचा काळा थर जरासा खरवडून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

‘‘ओंदेना, एल्लाना?’’ त्यांनी विचारलं. एकच की सगळे?

त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला किती वेळ लागला असेल? एक श्वास. त्या श्वासात मला प्रेमाच्या हातातला लाडू दिसला. मला वाटलं, आत्याचं तोंड चारचौघींसारखं होईल, मी तिला कुठेही नेऊ शकेन. आणि हेही वाटलं, की अठरा वर्षांत जो माणूस आला नाही तो काय येतोय आता. हे मी तेव्हा मनात म्हटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

‘‘एल्ला,’’ मी म्हटलं.

आत्याचे डोळे मिटलेले होते. हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते.

आधी दाढ भरून झाली. मग डॉक्टरांनी आकडीसारखं एक हत्यार घेतलं आणि खालच्या समोरच्या दातावरून वरवर ओढलं. काळं कवच पापुद्र्यासारखं सुटलं आणि तबकडीत टक्‌ करून पडलं. मी वाकून बघितलं. काळ्याच्या मध्ये एक पांढरी रेघ उमटली होती. डॉक्टरांनी पुन्हा हत्यार ओढलं. रेघेचा पट्टा झाला, पट्ट्याचा दात झाला. पांढरा म्हणजे मी रोज राखेने घासून जो पांढरा शोधत होते तो नव्हे. करवंटीतून खोबऱ्याची वाटी अख्खी सुटून यावी तसा, ओला, नवाकोरा.

मी श्वास रोखून उभी होते. एका दातामागून दुसरा बाहेर येत होता. डॉक्टर पायाने चाक फिरवायला लागले, दोरी पळायला लागली, यंत्राच्या टोकाला इवलासा ब्रश आणि त्यावर ओली पूड, आणि तो ब्रश गुणगुणत दातांवरून फिरला. जिथे फटींत काळं उरलं तिथे त्यांनी कापसावर पाण्यासारखं एक औषध घेऊन दाबून धरलं आणि दिवा लावला. औषधाला बारीक फेस आला. दोन तास हे चाललं होतं, आणि डॉक्टर हळूहळू बोलायचे थांबले. शेवटी त्यांनी हत्यार खाली ठेवलं, आतल्या दाराशी जाऊन बायकोला हाक मारली आणि तिला बघायला बोलावलं.

ते मला कुजबुजत सांगत होते, जणू मोठ्याने बोललं तर काही मोडेल. बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आहेत. तडकलेल्या दाढेखेरीज एकालाही कीड नाही. लोखंडाला रंग दिला की गंज चढत नाही, तसं त्या काळ्या थराने हे दात राखले आहेत. लोक माझ्याकडे दात पांढरे करून घ्यायला येतात, पण असे दात मी आजवर पाहिले नाहीत. त्यांच्या बायकोने हात जोडले. कुणाला जोडले ते मला कळलं नाही, पण मलाही जोडावेसे वाटले.

मग त्या बाईने कौतुकाने आरसा आणून आत्याच्या हातात दिला.

आत्याने डोळे उघडले. आरशात बघितलं. मी दोन पावलं मागे सरकले, कारण ती ओरडेल, आरसा फेकेल, मला मारेल असं मला वाटत होतं. तिने त्यातलं काही केलं नाही. ती बघत राहिली. जीभ वरच्या दातांवरून एकदा फिरवली, मग खालच्या. तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, उन्हाने रापलेल्या त्या चेहऱ्यात एका पोरीचे दात होते. मग तिने आरसा परत दिला, पदर तोंडावर घेतला आणि मला चल म्हणाली.

वाटभर ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. घरी आल्यावर तोंडाला पदर तसाच. संध्याकाळी वडील आले, त्यांनी दाढेचं विचारलं. आत्याने पदर खाली घेतला, तोंड उघडून दाखवलं आणि आत निघून गेली. वडील सायकलची किल्ली हातात घेऊन तसेच उभे. मी सगळं सांगितलं, फक्त एक सोडून. डॉक्टरांनी समजून घेतलं नाही, असं सांगितलं. वडिलांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना खोटं कळलं.

ते म्हणाले, ‘‘चौदा वर्षं ती माझ्या घरात आहे. मी तिला एकदाही विचारलं नाही, की अजून किती दिवस लावणार. का विचारलं नसेल?’’

दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते जेवले नाहीत आणि आई तापातही रडत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून आत्याने पुन्हा दातवण लावायला सुरुवात केली. पण घासून गुळगुळीत केलेल्या दातांवर ते धरेना. सकाळी लावलेलं दुपारच्या आमटीतल्या चिंचेने निघून जायचं. ती दिवसातून तीनदा लावायची, तासभर तोंड उघडं ठेवून बसायची आणि संध्याकाळी पुन्हा पांढरे दात. शेजारणी काही म्हणाल्या नाहीत, त्यांना या रीतीचं काही माहीतच नव्हतं. पण आमच्यातल्या दोन-तीन निपाणी-बेळगावकडच्या बायका येऊन गेल्या, तिच्या दातांकडे आणि मग कपाळाकडे बघितलं, आणि एकमेकींकडे बघून लवकर उठल्या. पंधरा दिवसांत डबी रिकामी झाली. माझ्याशी ती बोलत नव्हती. पाणी मागायचं असलं तरी आईला सांगायची.

तेव्हा मी एका शनिवारी कुणालाही न सांगता चिकपेठेत गेले. काष्ठौषधींच्या चार दुकानांत हिंडून हिरडा मिळवला, मायफळ मिळवलं, आणि एका म्हाताऱ्या शेट्टींकडे हिराकसाचे हिरवट खडे मिळाले. कशाला हवेत असं त्यांनी विचारलं, तर मला सांगताच येईना. रविवारी मी मागच्या अंगणात खलबत्ता घेऊन बसले. हिराकस हिरड्यात पडलं तशी पूड काळी झाली, माझी बोटं काळी झाली, फरशीवर डाग पडला तो आम्ही ते घर सोडेपर्यंत होता.

आत्या येऊन समोर बसली. चिमूटभर पूड घेऊन तिने हुंगली.

‘‘मायफळ कमी पडलं,’’ ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी माझ्याशी बोललेले तिचे हे पहिले शब्द होते. माझा बांध फुटला. मी रडत रडत सांगितलं, की आत्या, डॉक्टरांची चूक नव्हती. त्यांनी मला विचारलं होतं आणि मीच सगळे म्हटलं.

‘‘ठाऊक हाय,’’ आत्या म्हणाली. ‘‘पाच वरसं बाजारात भाजी घेत्ये मी. एल्ला म्हंजे काय, ते कळत न्हाई व्हय मला?’’

मला तिच्याकडे बघवेना. म्हणजे प्रेमासमोर मी जे बोलले होते, तेही तिला कळलं होतं. ते कळूनही ती मला रोज वेणी घालून देत होती. मी विचारलं, की मग तू खुर्चीवरून उठली का नाहीस? सासरच्या पाटावरून उठली होतीस, तशी का नाही उठलीस?

ती खलबत्ता स्वतःकडे ओढून मायफळ कुटायला लागली. कुटता कुटताच बोलली.

लग्नात विडा तोडायचा असतो. नवरा पानाची सुरळी दातांत धरतो आणि नवरीने दुसरं टोक दातांनी तोडायचं असतं, सगळे हसत असतात. आत्या तेरा वर्षांची होती, लाजून तोंडच उघडेना. तेव्हा व्यंकोजी मामा विडा दातांत धरूनच तिला म्हणाले, की तोंड उघड, बघू तरी. तिने उघडलं. आणि दुसऱ्या दिवशी सासूने दातवण लावलं.

‘‘त्येंनी ते दात येकदाच बघितलं,’’ ती म्हणाली. ‘‘मी तर येकदाबी न्हाई बघितलं, तवा आमच्यात आरसा कुठला? डॉक्टर घासायला लागला तवा म्हटलं, बघू तरी. काय बघितलं हुतं त्येंनी.’’

‘‘मग बोलत का नव्हतीस माझ्याशी?’’

‘‘उघडं पडल्यागत वाटत हुतं गं.’’

मी तिच्याकडे बघत राहिले. या बाईला मी कामवाली म्हटलं होतं. तिच्या कपाळावर कुंकू होतं, ओठांवर हिराकसाची काळी धूळ, आणि ती बोलत होती तसतसे ते दात दिसत होते, अजून पांढरे, जसे एका माणसाने पस्तीस वर्षांपूर्वी मांडवात बघितले होते तसे. असं काही राखून ठेवलेलं मी पुढे जन्मात कुठे बघितलं नाही.

पूड बारीक झाली. आत्याने ती डबीत भरली, थोडी माझ्या तळहातावर ठेवली आणि तोंड उघडलं. तिने आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता, म्हणून मी थांबले.

‘‘लाव की,’’ ती म्हणाली. ‘‘माझं बघून झालं. आता त्ये आले की त्येंनी बघावं.’’

मी बोटावर दातवण घेतलं आणि वरच्या मधल्या दातापासून सुरुवात केली.